सानिकाची अकरा उत्तरं

वृंदा सबनीस खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बँकेत एकोणीस वर्षं नोकरी, त्यातली सात कलकत्त्यात, आणि शाखेत तिची ख्याती काय, तर मोठ्या साहेबांच्या तोंडावर ‘हे नियमात बसत नाही’ म्हणणारी बाई. अशा बाईने स्वतःच्या पोटच्या पोरीला दोन वर्षं फसवलं. तेही लेखी!

त्याचं झालं असं. वृंदा आणि चारुदत्त वेगळे झाले तेव्हा सानिका सात वर्षांची होती. भांडण, आरडाओरडा काही नाही. दोघांच्या संमतीने सगळं कागदावर ठरलं. मुलगी आईजवळ राहील. बापाने पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी येऊन भेटायचं. आणि एकाने दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय तिला कायमचं कलकत्त्याबाहेर न्यायचं नाही. चारुदत्त केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीने बराकपूरला गेलेला. शनिवारी तो लोकलने सियालदहला यायचा, तिथे गाडी बदलून बालीगंजला, आणि साडेदहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी दिसायचा. सानिका नऊपासून गॅलरीत उभी. चार महिने हे नीट चाललं. मग एक शनिवार चुकला, सर्दी झाली होती म्हणे. मग दोन चुकले. पुढे त्याने फोन उचलणं सोडलं आणि नंतर नंबरच बदलला. बराकपूरला त्याने दुसरं लग्न केलं, हे वृंदाला तिऱ्हाइताकडून कळलं.

बाप येईना, पण पोर गॅलरीतून हलेना. आता तिला काय सांगायचं? तुझ्या बापाला तुझ्यासाठी दोन गाड्या बदलायचा कंटाळा येतो, असं कोणती आई सांगेल! महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, “चारुदत्त दिसले नाहीत बरेच दिवसांत?” तेव्हा वृंदा म्हणायची, “ट्रेनिंगला गेलेत.” मंडळात घटस्फोटाची गोष्ट तिने कुणाच्या कानावर घातलीच नव्हती. तीच सवय घरात आली. ती सानिकाला म्हणाली, “अगं, बाबांचं काम आता लष्कराचं आहे. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. सुट्टी पण मिळत नाही.”

सानिकाने थोडा वेळ विचार केला. “मग चिठ्ठी लिहू शकतो ना बाबा?”

आणि इथे वृंदाची बुद्धी फिरली.

पहिलं पत्र तिने जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून लिहिलं. स्वतःचं अक्षर तिरकं, म्हणून मुद्दाम उभं, सुटं सुटं लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, ऑफिसजवळच्या पेटीत टाकलं. चार दिवसांनी पोस्टमनने आणून दिलं आणि सानिकाने घर डोक्यावर घेतलं.

त्यात एक गोष्ट अशी झाली की वृंदाला आपण पाप करतोय असं वाटेचना. सानिकाचं मराठी म्हणजे आनंदच होता. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना बंगाली, आणि आईशी बोलायला मोडकंतोडकं काहीतरी. नागपूरहून प्राजक्तामावशीने पाठवलेली गोष्टींची पुस्तकं दोन वर्षं उघडलीसुद्धा नव्हती. तीच पोर बाबांचं पत्र तीन-तीनदा वाचायला लागली. “आई, ‘हुरहुर’ म्हणजे? आई, ‘गुणाची’ म्हणजे?” अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षरं फोडून फोडून वाचायची. परक्या गावात मूल आपली भाषा वाचायला लागलंय म्हटल्यावर आईबापांना जो काय आनंद होतो, तो तिथे राहिलेल्यालाच कळेल. बघता बघता अकरा पत्रं झाली.

पत्र आलं की उत्तर आलंच. सानिका खोली बंद करून लिहायची, पाकिटाला भरपूर गोंद फासायची आणि आईच्या हातात द्यायची, “बाबाला पाठव. उघडू नको हं.” वृंदा पाकीट ऑफिसात न्यायची आणि उघडायची. उघडल्याशिवाय पुढचं पत्र लिहिणार कसं? वाचून झालं की टेबलाच्या खणात, कुलपात.

सहावं उत्तर तिने रेकॉर्ड रूममध्ये उभ्याउभ्याच वाचलं. ‘बाबा, हे आईला सांगू नको. मला तुझ्याकडे राहायचं आहे. इथे माझं मन खराब असतं. आई हसत नाही. आई खूप रागते आणि नंतर बाथरूममध्ये रडते, मला ऐकू येतं. मला घ्यायला ये. मी माझी बॅग भरून पलंगाच्या खाली ठेवली आहे.’

त्या संध्याकाळी सानिका खाली खेळत होती तेव्हा वृंदाने पलंगाखाली वाकून पाहिलं. शाळेची जुनी बॅग होती. आत दोन फ्रॉक, टूथब्रश आणि बाबांची सहा पत्रं. म्हणजे वृंदाचीच. ती तिथेच फरशीवर बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. मग उठून तोंड धुतलं. सातव्या पत्रात बाबांनी सानिकाला लिहिलं की आईला जप, ती एकटी आहे, तिच्याजवळच राहा, मी येईन. बॅग रिकामी झाली की नाही, ते पाहायचा धीर तिला पुन्हा झाला नाही.

मग आली बढती. बढती म्हणजे बदली, आणि बदली नागपूरला. चार वर्षांनी मिळालेली, बहिणीच्या गावची! दुसरी एखादी पेढे वाटत फिरली असती. पण सानिकाला न्यायचं तर चारुदत्ताची सही हवी. वृंदाने बराकपूरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर नाही. दुसरं पाठवलं, तेच. हो नाही, नाही नाही. बँकेने रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली आणि तिसऱ्यांदा स्वच्छ कळवलं की मार्चअखेर, म्हणजे अजून पाच महिने, त्यानंतर नाही. राहता फ्लॅटही बँकेचाच. नागपूरला जायचं तर पोरीला सोडून, आणि पोरीला सोडायचं तर कुणाकडे? ज्याला तिचा वाढदिवस आठवत नाही त्याच्याकडे?

विजया सेन नावाच्या वकीलबाई तिने गाठल्या. सगळे त्यांना विजयादी म्हणत. साठीच्या, करड्या आवाजाच्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी प्रकरण ऐकलं आणि म्हणाल्या, “सोपं आहे. बाप दोन वर्षं फिरकलेला नाही, फोन नाही, पत्र नाही. एकटीच्या ताब्यासाठी अर्ज करू. नाही ना काही संपर्क?”

“नाही,” वृंदा म्हणाली. ते खरंच होतं की हो!

पहिल्या दोन तारखांना चारुदत्त आलाच नाही. तिसऱ्या तारखेला जजबाई म्हणाल्या, मला मुलीशी बोलायचंय. सानिका चित्रांची वही छातीशी धरून आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला. वहीच्या आत ती काय घेऊन गेली होती, ते वृंदाला जजबाईंच्या तोंडून कळलं. अकराच्या अकरा पत्रं! “मुलीला मराठी वाचून दाखवायची फार हौस आहे,” जजबाई हसून म्हणाल्या, “तिने अर्थही सांगितला. वडील नियमाने लिहितात, मुलगी त्यांच्यावर जीव टाकते. ह्या बापाने मुलीला टाकलंय असं मी कसं म्हणू? त्यांना पुन्हा नोटीस काढा. आणि पत्रांच्या प्रती लावा.”

बाहेर व्हरांड्यात विजयादींनी तिला खांबाआड ओढलं. “ही पत्रं कुठून आली?”

वृंदाने सांगितलं.

विजयादींनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, तुमच्या विरुद्धचा साक्षीदार तुम्हीच उभा केलात! आता दोनच वाटा. कोर्टात हे सगळं कबूल करायचं, म्हणजे मुलीला कळणार. नाहीतर त्या माणसाकडून सही आणायची.”

मुलीला कळणार म्हटल्यावर वृंदाने दुसरी वाट धरली. रविवारी ती बराकपूरला गेली. चारुदत्ताने तिला घरात घेतलं नाही. वर बाळ झोपलंय म्हणाला आणि घाटाजवळच्या चहाच्या दुकानाशी घेऊन गेला. तब्येत सुधारली होती त्याची. बोलताना तो नदीकडे बघत होता.

“एक सही दे, चारुदत्त. बाकी काही नको मला तुझ्याकडून.”

“सही म्हणजे काय, मुलगी लिहून दिल्यासारखंच ना ते? साताऱ्याला आईला कळलं तर? लोक काय म्हणतील? पोटच्या पोरीला टाकली म्हणतील.”

“टाकलीच आहेस की!”

“मी येणार होतो. जमलं नाही. जमेल तेव्हा येईन. त्यासाठी कोर्ट-कचेरी कशाला?”

अस्सा संताप आला तिला! हा माणूस येणार नव्हता आणि सोडणारही नव्हता. त्या संतापात तिने पर्समधून प्रती काढल्या आणि त्याच्यापुढे आदळल्या. “वाच. ती समजते तू लिहितोस. दोन वर्षं मी तुझी अब्रू राखतेय तिच्यापुढे. ह्यांची तरी लाज धर आणि सही कर.”

चारुदत्ताने वाचायला घेतलं. दोन पत्रं झाली, चार झाली. तिसऱ्या कपाचा चहा निवून गेला. त्याचे डोळे भरले होते. “फार छान लिहिलंयस गं,” तो म्हणाला. “राहू देत ही माझ्याकडे. मी विचार करतो.”

बाई गं, तिला वाटलं, हा विरघळला! परतीच्या लोकलमध्ये ती त्याला मनातून माफसुद्धा करून बसली. बँकेत लोकांची सही दहादा ताडून बघणारी वृंदा, आणि इथे कागद देऊन मोकळी झाली.

पुढच्या तारखेला चारुदत्त आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत वकील. जजबाईंच्या दालनात बंद दाराआड सुनावणी होती. जजबाईंनी विचारलं, “ही पत्रं तुमची?” आणि चारुदत्त म्हणाला, “हो, मॅडम. कामामुळे जाता येत नाही, पण मुलीला मी कधी अंतर दिलं नाही.” आणि त्याने पत्रांतल्या ओळी पाठ म्हणून दाखवल्या. हुरहुर, गुणाची, सगळं. वृंदाच्याच ओळी, वृंदाच्या तोंडावर! नालायक माणूस. पण खोटं बोलताना त्याचा आवाज कापत होता, आणि वृंदाला वाटलं की त्या क्षणी त्याला स्वतःलाही ते खरं वाटत असावं. फुकटात चांगला बाप व्हायला मिळतंय तर कोण सोडेल?

“मी लिहिलीत ती,” वृंदा म्हणाली. “सगळी मी लिहिली आहेत.”

“आता असं म्हणणारच,” त्याचा वकील म्हणाला.

अक्षर तज्ज्ञाकडे पाठवायचं तर तीन-चार महिने. मार्चअखेर अकरा दिवसांवर. विजयादींनी चष्मा वर केला आणि चारुदत्ताला शांतपणे विचारलं, “मुलीने उत्तरं पाठवली असतील ना?”

“हो. म्हणजे, पाठवते.”

“काय लिहिते?”

“लहान मुलांचं काय असतं. शाळा, मैत्रिणी. घरी आहेत ती, शोधावी लागतील.”

विजयादी वृंदाकडे वळल्या. वृंदाच्या पर्समध्ये ती अकरा पाकिटं होती. सकाळी खणातून काढताना तिने स्वतःला बजावलं होतं की नुसती जवळ ठेवायची, द्यायची नाहीत. ‘उघडू नको हं,’ असं अकरा वेळा सांगून दिलेली पाकिटं. ती टेबलावर ठेवली तर मुलगी हातात राहणार होती, आणि नाही ठेवली तर मार्चअखेरीला एकतर पोर जाणार नाहीतर पोट. तिने पर्स उघडली.

चारुदत्त पाकिटांकडे पाहतच राहिला. मग त्याच्या वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो म्हणाला, “ही पण हिनेच बनवली असतील. मुलांचं अक्षर काढणं काय कठीण आहे?”

एवढं एक वाक्य तो बोलला नसता तर पुढचं टळलं असतं. जजबाई म्हणाल्या, मग मुलीलाच विचारू. शेजारच्या खोलीतून सानिकाला बोलावलं. मराठी वाचायला कोर्टाने श्यामसुंदर डोंगरे यांना बसवलं होतं. मंडळातले जुने, सत्तर उलटलेले, दर गणपतीत सानिकाला खिरापत जास्तीची देणारे. वृंदा त्यांच्याशी नजर मिळवू शकत नव्हती, आणि तेही तिच्याकडे पाहायचं टाळत होते.

सानिका आत आली आणि तिने आधी बाबांना पाहिलं. दोन वर्षांनी! “बाबा!” म्हणून ती धावली, चारुदत्ताने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तिची नजर टेबलावर गेली. फाडलेली पाकिटं. तिची पाकिटं.

“हे अक्षर तुझं आहे का, बेटा?” जजबाईंनी विचारलं.

सानिकाने मान डोलावली. मग तिने वर बघून विचारलं, “बाबा, तुला मिळाली नाहीत?”

चारुदत्त वकिलाकडे पाहू लागला. सानिकाने पुन्हा विचारलं, “एक पण नाही?”

“नाही,” तो म्हणाला. तेवढं एक खरं तो बोलला, आणि त्याने त्याची बाजू संपली.

तरी नोंद व्हायला हवी म्हणून जजबाईंनी श्यामसुंदरकाकांना एक पत्र वाचून इंग्रजीत सांगायला सांगितलं. त्यांनी वरचं उचललं ते नेमकं सहावं. म्हातारा ‘हे आईला सांगू नको’पाशी अडखळला, त्याने जजबाईंकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, पुढे. मग त्याने सांगितलं. आई हसत नाही, आई बाथरूममध्ये रडते, मला घ्यायला ये. सानिकाला इंग्रजी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. ती आईपासून दोन हातांवर उभी होती आणि आपलं गुपित शब्दन् शब्द ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते. वृंदाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

निकाल पाऊण तासात लागला. मुलीचा ताबा पूर्णपणे आईकडे, नागपूरला न्यायला परवानगी, बापाने भेटायचं तर आधी कोर्टाला अर्ज करायचा. विजयादींनी वृंदाचे दोन्ही हात धरले. चारुदत्त सही करून जिन्याने उतरून गेला. जाताना सानिकाला भेटला नाही.

सानिका कारकुनाच्या टेबलापाशी उभी होती. कारकुनाने तिच्याजवळची बाबांची पत्रं तिला परत केली, प्रती लागल्याच होत्या. ती तिने घेतली नाहीत. “माझी द्या,” ती बंगालीत म्हणाली. कारकून तिची अकरा पाकिटं शिक्के मारून फायलीला टाचत होता. भला माणूस होता, समजावून सांगत होता की ही आता पुरावा झाली, फायलीतच राहतील, देता येत नाहीत. ती तीनदा म्हणाली, “पण ती माझी आहेत.” मग रडत नाही, काही नाही, येऊन बाकावर वृंदाच्या शेजारी बसली.

“सानू,” वृंदा म्हणाली, “चुकलं माझं. बाबांची पत्रं मी लिहीत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“कळलं मला.”

“रागावलीस?”

“तुझी द्यायचीस ना त्यांना. माझी का दिलीस?”

माझ्या पत्रांनी काही सिद्ध होत नव्हतं, हे उत्तर वृंदाच्या जिभेवर आलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला द्यायचं ते उत्तर नव्हतं. व्हरांड्यात पुढच्या प्रकरणातली माणसं येऊन बसायला लागली होती.

“आता नागपूरला यायलाच पाहिजे का मला?” सानिकाने विचारलं.

“हो.”

“कोर्टाने सांगितलं म्हणून?”

तू माझी आहेस म्हणून, असं म्हणायला वृंदाने तोंड उघडलं. पण दोन वर्षं जे तोंडाला आलं ते लिहून झालं होतं, आणि पोर आता तिच्याकडे अशी पाहत होती की शब्द निघेना.

“हो,” ती म्हणाली. “कोर्टाने सांगितलंय.”

“बरं,” म्हणून सानिका उठली.